मापावाचून शिवलेले घर

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणीसांनी मला भाषणाविषयी पत्र लिहिले, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी मजकडेच ठेवली होती. मी वीज-अभियंता. माझी उभी नोकरी तारा, खटके आणि मीटर यांच्या सहवासात गेली. साहित्य अथवा समाजकारण यांवर अधिकारवाणीने बोलावे अशी माझी योग्यता नाही. परंतु त्या पत्रासोबत कार्यकारी मंडळाचा अहवाल आला होता, आणि त्यातील एका परिच्छेदाने माझा विषय ठरवून टाकला. आपल्या ज्ञातीच्या वृद्धनिवासातील चोवीसही खोल्यांत 'स्मार्ट होम' यंत्रणा बसविण्याचा मंडळाचा विचार आहे, असा तो परिच्छेद होता. त्यात यंत्रणेची अंदाजे किंमत होती, देणगीदारांचे आभार होते, काम पूर्ण करण्याची मुदत होती. मात्र त्या चोवीस खोल्यांत जे राहतात त्यांना कोणी काही विचारले काय, याविषयी एक अक्षरही नव्हते. आज मला जे दोन शब्द सांगावयाचे आहेत, ते त्या न लिहिलेल्या वाक्यासंबंधी आहेत.

प्रथम स्मार्ट घर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कारण जाहिरातींतून त्याचे जे वर्णन येते ते एखाद्या मायानगरीचे वाटावे असे असते. वस्तुतः त्यात तीनच गोष्टी असतात. घरात काय चालले आहे हे टिपणारे सेन्सर असतात. दार उघडले, कोणी चालले, दिवा लागला, गॅस सुटला, एवढे ते ओळखतात. दुसरे, ती माहिती वाचून निर्णय करणारी गणकयंत्राची बुद्धी असते; ती कधी घरातील लहानशा पेटीत, तर पुष्कळदा इंटरनेटच्या मार्गाने शेकडो मैल दूर असलेल्या कंपनीच्या यंत्रांत वसलेली असते. तिसरे, त्या निर्णयाप्रमाणे हालणारे हात असतात, म्हणजे दिवे, पंखे, कुलुपे, घंटा आणि आपल्या मुलांच्या खिशातील फोन. यांपैकी कोणतीही गोष्ट जात्या वाईट नाही. गॅसची गळती ओळखणारे साधे यंत्र जीव वाचवू शकते, हे मी माझ्या व्यवसायाच्या अनुभवाने सांगतो. यास्तव, हा म्हातारा नव्याला नाके मुरडतो आहे असा समज कृपया करून घेऊ नये.

माझे म्हणणे आपल्या पिढीजात धंद्याच्या भाषेत सांगितले तर सर्वांस सहज पटेल. आपण शिंपी. माझ्या वडिलांचे दुकान बाजारपेठेतल्या बोळात होते आणि शाळा सुटल्यावर काजे-गुंड्या करावयास मी तेथे बसत असे. वडिलांचा एक नियम मी कधी मोडलेला पाहिला नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कितीही ओळखीचे असो, मागच्या दिवाळीचे माप वहीत लिहिलेले असो, नवे माप घेतल्याशिवाय ते कात्री हातात घेत नसत. ते म्हणत, "कापड चुकीचं कापलं तर पुन्हा जोडता येत नाही, आणि माणूस वर्षात बदलतो." एकदा एका सावकाराने आपल्या वृद्ध वडिलांसाठी सदरा शिवावयास कापड पाठविले आणि निरोप दिला की, माप माझेच घ्या, अंगलट सारखीच आहे. माझे वडील दुकान बंद करून मेजपट्टी घेऊन त्या वृद्धाच्या घरी गेले. परत आल्यावर एवढेच म्हणाले, "त्यांचा उजवा खांदा उतरला आहे. मुलाला ठाऊक नव्हतं."

मुलाला ठाऊक नव्हते. हे वाक्य पुढे अनेक वर्षांनी माझ्याच पदरी येईल, असे त्या वेळी मला वाटले नव्हते.

वडील गेल्यावर माझी आई साताऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरात एकटीच राहू लागली. आम्ही भावंडे पुण्यास आणि त्याहून दूर. तिला घर सोडावयाचे नव्हते, आणि तिच्या काळजीने आम्हांस झोप नव्हती. मी अभियंता, तेव्हा उपाय मीच केला. २०२१ च्या पावसाळ्यात दोन दिवस राहून मी स्वयंपाकघरात, माजघरात आणि न्हाणीघराच्या दाराशी सेन्सर बसविले. सकाळी सहापर्यंत घरात हालचाल दिसली नाही तर माझा फोन वाजे. मी ती मांडणी मित्रांना अभिमानाने दाखवीत असे. आईने काम चालू असता फक्त एवढे विचारले, "हे सगळं कशाला रे?" मी म्हणालो, "तुझ्यासाठीच, आई." त्यावर ती काही बोलली नाही, आणि तिचे मौन म्हणजे संमती असे मी धरून चाललो.

आईचा नेम असा, की पहाटे चारला तिला जाग येई. पण गुडघे आखडलेले असत, म्हणून ऊन वर येईपर्यंत ती अंथरुणातच नामस्मरण करीत पडून राही. हे मला ठाऊक नव्हते. आरंभी तीन-चार वेळा पहाटे सहाच्या ठोक्याला माझा फोन वाजला, मी घाबरून तिला फोन केला, आणि माझी झोपमोड झाली याचे तिला वाईट वाटले. तेव्हा तिने आपल्यापुरता उपाय शोधला. यंत्राने मला उठवू नये म्हणून रोज साडेपाचला अंधारातच उठून ती स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी मारू लागली. माझ्या फोनवर सर्व काही ठीक दिसत होते. सहा महिने मी निर्धास्त होतो. पौषातल्या एका पहाटे त्याच फेरीत तिचा पाय घसरला आणि मनगटाचे हाड मोडले. ती पडली तर मला कळावे म्हणून जे यंत्र मी बसविले, त्याला हजेरी देण्यासाठीच ती पडली.

दवाखान्यात मी तिच्यावर जवळजवळ रागावलो. "मला सांगितलं का नाहीस?" ती शांतपणे म्हणाली, "तू विचारलंस कुठे? तू तर दाखवलंस."

मंडळी, विचारणे आणि दाखविणे यांतील हा भेद माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी शिकविला नव्हता. तिचे मनगट बरे झाल्यावर मी एक वही घेऊन तिच्याजवळ बसलो आणि तिचा दिवस तिच्याच तोंडून ऐकला. तिला तीन गोष्टी हव्या होत्या. रात्री न्हाणीघराकडे जाताना पायाशी आपोआप लागणारा मंद दिवा; गॅस विसरला तर वाजणारी घंटा; आणि अडचण आलीच तर पुण्याला नव्हे, शेजारच्या वहिनींकडे वाजेल असे एक बटण; "कारण," ती म्हणाली, "तू दोन तासांनी येणार आणि त्या दोन मिनिटांत." या तीन गोष्टींचा खर्च माझ्या पहिल्या मांडणीच्या एक-तृतीयांशही आला नाही.

ही चूक केवळ माझ्यासारख्या एका मुलाची असती, तर ती संमेलनात सांगण्याचे कारण नव्हते. परंतु घरगुती यंत्रांचा इतिहास पाहू गेल्यास ही चूक मोठमोठ्या विद्वानांनी आणि धनवंतांनीही केलेली आढळते. १९६९ साली अमेरिकेत नीमन मार्कस या बड्या दुकानाने आपल्या सूचिपत्रात हनीवेल कंपनीचा स्वयंपाकघरासाठीचा कॉम्प्युटर विक्रीस मांडला. किंमत १०,६०० डॉलर. पाककृती लक्षात ठेवणे आणि जेवणाचे बेत आखणे हे त्याचे काम. पण त्याच्याशी बोलावयाचे ते खटक्यांच्या आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या सांकेतिक भाषेत, आणि ती भाषा शिकविण्यासाठी गृहिणीकरिता दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम किमतीतच धरलेला होता! स्वयंपाकघरात असा एकही कॉम्प्युटर विकला गेल्याचा पुरावा नाही. ज्यांनी तो योजला त्यांनी ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला, पीठ मळता मळता तुझे हात कोठे असतात, एवढे विचारले असते तरी पुरे होते.

याच्या उलट उदाहरणही त्याच देशातले आहे. लिलियन गिलब्रेथ या विदुषी अभियंत्या आणि मानसशास्त्रज्ञ. बारा मुलांच्या त्या माता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी स्वयंपाकघराची आखणी करताना ओट्याची आणि शेगडीची उंची किती असावी हे ठरविण्यासाठी त्यांनी चार हजारांहून अधिक स्त्रियांना प्रश्न विचारले. कारखान्यात बसून सरासरी स्त्रीची कल्पना करणे त्यांना कठीण नव्हते. परंतु पाठ कोणाची दुखते हे ज्याच्या पाठीत कळ येते त्यालाच विचारावे लागते, हे त्यांनी जाणले होते. आपला शिंपीधर्मच तो.

आता आपल्या देशाकडे वळू. खेड्यांतील घरांत शिरलेले सर्वांत मोठे सुधारित यंत्र म्हणजे धूर कमी करणारी चूल होय. वर्ध्याच्या मगनवाडीशी निगडित 'मगन चूल' आपल्यापैकी वयोवृद्धांना आठवत असेल. १९८३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला आणि पुढील दोन दशकांत कोट्यवधी चुली बसविल्या. हेतू उदात्त होता. धुराने बायकांचे डोळे आणि फुप्फुसे जात होती. तथापि त्यांतील पुष्कळ चुली थोड्याच काळात मोडल्या अथवा टाकून दिल्या गेल्या. कोठे तोंड लहान पडले आणि घरातले मोठे भांडे बसेना. कोठे घरात होते ते सरपण आत जाईना. कोठे धुराडे साफ करण्याची सोय नव्हती. बायकांनी विळ्याने तोंडे रुंद केली आणि चुलीचे शास्त्र बिघडले. यांस अडाणी म्हणणे सोपे होते; परंतु त्यांनी जे केले ते न बसणारा अंगरखा उसवण्यासारखेच होते. याच सुमारास चंदीगढजवळील नाडा या गावी मधू सरीन यांनी गावातल्या बायकांबरोबर बसून, त्यांच्या भांड्यांप्रमाणे आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे बदल करीत मातीची चूल घडविली, आणि ती बांधण्याचे काम बायकांनाच शिकविले. 'नाडा चूल' या नावाने ती ओळखली गेली. बांधणारीच वापरणारी असल्यामुळे बिघाड झाला तर वाट पाहावी लागत नसे. चूल आणि सेन्सर यांत यंत्र म्हणून अंतर असेल. घर म्हणून ते नाही.

आता कोणी म्हणेल की, आजची यंत्रे चुलीसारखी मुकी नाहीत. ती माणसाचे वागणे पाहून आपोआप शिकतात, मग विचारावयाचे कशाला? त्यासाठी अमेरिकेतील प्राध्यापक मायकेल मोझर यांचा अनुभव सांगण्यासारखा आहे. १९९० च्या दशकात कोलोरॅडोमधील बोल्डर येथे त्यांनी स्वतःचे राहते घरच अशा रीतीने सिद्ध केले, की ते मालकाच्या सवयी शिकून दिवे, पाणी आणि उष्णता यांची व्यवस्था आपणहून करील. घर खरोखर शिकले. परंतु त्या प्राध्यापकांनीच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की, कार्यालयात उशीर झाला म्हणजे घर आपली वाट पाहत असेल या जाणिवेने त्यांना परतावेसे वाटे. यंत्राचा जनकच जर यंत्राच्या अपेक्षेने चालू लागतो, तर माझ्या आईने साडेपाचला उठून फेरी मारली यात नवल ते काय? शिकणारे यंत्र आपण काय करतो ते पाहते; का करतो ते त्याला दिसत नाही. माझ्या यंत्राला आईची फेरी दिसत होती, तिचे कारण दिसत नव्हते.

विचारावयाचे हे मान्य झाले, तरी कसे विचारावयाचे हा प्रश्न उरतोच. यातही आपल्याला अगदी कोऱ्या पाटीपासून आरंभ करावयास नको. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी नॉर्वेमध्ये लोखंड व धातुकामगारांच्या संघटनेने क्रिस्टन न्यूगार्ड या थोर गणकशास्त्रज्ञाबरोबर काम आरंभिले. कारखान्यात येणारी गणकयंत्रे कामगारांना न विचारता आणली जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू. पुढे १९७७ च्या नॉर्वेच्या कायद्याने अशा यंत्रणांच्या आखणीत भाग घेण्याचा हक्क कामगारांना दिला. त्यानंतर १९८१ पासून स्कँडिनेव्हियात मुद्रण-कामगारांच्या संघटनांसह 'यूटोपिया' नावाचा प्रकल्प झाला. त्यात त्यांनी जी युक्ती केली ती ऐकून माझे वडील खूष झाले असते. यंत्र तयार होण्यापूर्वीच त्यांनी पुठ्ठ्याची आणि लाकडी फळ्यांची खोटी यंत्रे मांडली. एका रिकाम्या खोक्यावर 'लेसर प्रिंटर' असे लिहिले, आणि खिळे जुळविणाऱ्या कामगारांना त्यांच्यापुढे उभे करून म्हटले, आता तुमचे काम करून दाखवा. कोठे हात पोचत नाही, कोठे नजर जात नाही, हे तत्काळ उमगे. आणि पुठ्ठा कापून बदलावयास खर्च तो कितीसा?

बंधुभगिनींनो, ही तर आपली कच्ची शिलाई! पक्की टीप मारण्यापूर्वी कच्चे टाके घालून कपडा अंगावर चढवावयाचा, गिऱ्हाइकाला हात वर करावयास लावावयाचे, खाली बसावयास लावावयाचे आणि मग खडूने खूण करावयाची. आपल्या आजोबा-पणजोबांना जे साधे शहाणपण होते, ते यंत्रयुगाला पुन्हा शोधून काढावे लागले.

येथे एक शंका मी स्वतःच उपस्थित करतो, कारण ती मंडळातील काही मित्रांनी माझ्याजवळ बोलून दाखविली आहे. ते म्हणतात, "या वृद्धांना यंत्रांतले काय कळते? त्यांना विचाराल तर ते 'काही नको' म्हणतील, नाहीतर भलतेच काही मागतील." शंका रास्त आहे. गिऱ्हाइकाला कापणी कळत नाही हे खरेच. ते काम कारागिराचे. परंतु काखेत कोठे काचते हे गिऱ्हाईकच सांगू शकते. तेव्हा कोणते यंत्र हवे हा प्रश्न विचारूच नये. रात्री किती वेळा उठता, अंधाराची भीती कोठे वाटते, कोणती गोष्ट विसरते, कोणाला हाक मारावीशी वाटते, आणि कोणी पाहू नये असे काय आहे, हे विचारावे. उत्तरांतून यंत्र शोधणे हे अभियंत्याचे काम. शिवाय हे प्रश्न सभेत विचारून भागत नाही. सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचे माप घेतले जाते. वृद्धनिवासातील बहुसंख्य रहिवासी या आपल्या माता-भगिनी आहेत, आणि चारचौघांत त्या माझ्या आईप्रमाणेच गप्प राहतील. प्रत्येकीच्या खोलीत जाऊन, चहाच्या वेळी, घाई न करता बसावे लागेल. आणि तेथे स्वयंपाक करणाऱ्या बाई, रात्रपाळीच्या सेविका आणि सफाई करणारे बंधू यांनाही विसरून चालणार नाही. ते तेथे राहत नसले तरी त्या घराचे अर्धे ज्ञान त्यांच्याजवळ आहे, आणि कॅमेरा बसलाच तर तो त्यांच्याकडेही पाहणार आहे.

दुसरी गोष्ट हक्काची. नुसते विचारले आणि 'नको' हे उत्तर स्वीकारण्याची तयारी नसली, तर ते विचारणे नव्हे. २००९ साली नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने घरोघरी स्मार्ट वीजमीटर सक्तीचे करणारे विधेयक अडविले. वारंवार घेतलेल्या नोंदींवरून घरात माणसे केव्हा असतात, केव्हा नसतात, हे कळू शकते, हा तेथील मुख्य आक्षेप होता. पुढे नकार देण्याची मुभा ग्राहकास देऊनच तो कायदा मार्गी लागला. आपल्याकडेही २०२४ साली स्मार्ट प्रीपेड मीटरांविरुद्ध महाराष्ट्रातील ग्राहकसंघटनांनी आवाज उठविला, तो आपणांस आठवत असेलच. मीटर बरे की वाईट या वादात मी आज शिरत नाही. परंतु आधी बसवावयाचे आणि मग समजूत घालावयाची, या क्रमाने चांगल्या यंत्रावरचाही विश्वास उडतो, एवढा बोध त्यातून अवश्य घ्यावा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती कशासाठी घेतली जाते याची सूचना इंग्रजीत अथवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचावयास मिळण्याची सोय त्यात आहे, आणि त्या भाषांत आपली मराठी आहे. याचा लाभ आपण घेतलाच पाहिजे. पण त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की, एखाद्या व्यक्तीने केवळ घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीस तो लागू नाही. म्हणजे मुलाने आईच्या खोलीत लावलेल्या सेन्सरपुढे कायदा उभा राहत नाही. कायदा जेथे थांबतो, तेथे आईला विचारण्याची जबाबदारी मुलाचीच उरते.

आता मंडळापुढे मी माझी विनंती स्पष्ट शब्दांत ठेवतो.

पहिली विनंती अशी की, निविदा काढण्यापूर्वी दोन महिने थांबावे. आपल्या तरुण मुलामुलींपैकी जे अभियांत्रिकी अथवा परिचर्या शिकत आहेत, त्यांच्या जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीने दोन-तीन रहिवाशांचा एक पूर्ण दिवस आणि एक रात्र त्यांच्या संमतीने जवळून पाहावी, आणि त्यांच्याच शब्दांत लिहून काढावी. लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. हे झाले माप.

दुसरी विनंती, कच्च्या शिलाईची. काही एक विकत घेण्यापूर्वी एका खोलीत पुठ्ठ्याचे डबे लावावेत आणि यंत्राचे काम आठवडाभर माणसाने करून पाहावे. रात्री कोणी उठले की दिवा एखाद्या स्वयंसेविकेने लावावा. घंटा वाजली की कोण धावते ते पाहावे. मग दोन खोल्यांत खरी यंत्रे महिनाभर लावून बघावीत, आणि राहणाराने खडूची खूण केल्यावरच उरलेल्या बावीस खोल्यांकडे वळावे.

तिसरी विनंती आपल्या धंद्यातील एका शब्दात सांगतो. शिवणीत आपण थोडे कापड जास्तीचे दाबून ठेवतो, उद्या अंग भरले तर उसवून सैल करता यावे म्हणून. त्याला आपण 'माया' म्हणतो. या यंत्रणेच्या शिवणीत माया असली पाहिजे. इंटरनेट गेले, वीज गेली, तरी भिंतीवरच्या साध्या खटक्याने दिवा लागला पाहिजे. रहिवाशाला वाटेल तेव्हा आपल्या खोलीतले यंत्र स्वतःच्या हाताने बंद करता आले पाहिजे, आणि ते कसे करावयाचे हे मोठ्या मराठी अक्षरांत भिंतीवर लिहिलेले असले पाहिजे. न्हाणीघरात आणि शेजघरात कॅमेरा असता कामा नये. माहिती कोण पाहणार त्याची नावे रहिवाशाने सांगावीत; मुलाने नव्हे, मंडळानेही नव्हे. आणि कंपनी उद्या बंद पडली तर काय, याचे उत्तर करारात असावे. हे काल्पनिक भय नव्हे. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचे स्मार्ट घराचे यंत्र लोकांनी सुमारे ३०० डॉलर देऊन घेतले होते. ती कंपनी नेस्टने विकत घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात त्यामागील सेवाच बंद केली. लोकांच्या घरात राहिले ते रिकामे डबे.

चौथी आणि शेवटची विनंती अशी की, चोवीसांपैकी ज्यांना काहीच नको असेल त्यांचा 'नको' मंडळाच्या इतिवृत्तात सन्मानाने लिहावा, आणि त्यामुळे त्यांच्या खोलीस अथवा सेवेस यत्किंचितही बाध येऊ नये. ज्याला नकार देता येतो, त्याच्याच होकाराला मोल असते.

यास वेळ लागेल, देणगीदार अधीर होतील, हे मी जाणतो. देणगीदारांतील एक मी स्वतः आहे. माझ्या देणगीपुरते मी सांगतो की, ती यंत्रांत पडण्याऐवजी या दोन महिन्यांच्या मापात खर्ची पडली तर मला अधिक समाधान वाटेल. तयार कपड्यांच्या लाटेत आपल्या ज्ञातीची किती दुकाने बुडाली हे येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबास ठाऊक आहे. मी तयार कपड्यांस दोष देत नाही. ते स्वस्त आहेत, गरिबाच्या अंगावर वस्त्र त्यांनीच घातले. परंतु आजही ते विकत घेतल्यावर लोक बाह्या आखूड करावयास, कंबर सैल करावयास आपल्याकडेच येतात. कारण कारखान्याला सर्वांचे माप ठाऊक असते, पण एकाचेही नसते. स्मार्ट घर हे आज बाजारात आलेले तयार कापड आहे. ते घ्यावे की नाही, हा प्रश्न नाही. आपल्या वडीलधाऱ्यांच्या अंगावर ते चढविण्यापूर्वी मेजपट्टी घेऊन त्यांच्याजवळ कोण बसणार, हा प्रश्न आहे. आणि हे काम शिंप्यांनी केले नाही तर दुसऱ्या कोणाकडून अपेक्षा करावी?

माझी आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. तिचे मनगट थंडीत अजून दुखते. पहाटे चारला ती जागी होते आणि उजाडेपर्यंत अंथरुणातच नामस्मरण करते. त्या वेळी माझा फोन वाजत नाही. रात्री उठली तर पायाशी मंद दिवा लागतो. या भाषणाविषयी मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "माझं नाव घेऊ नकोस, पण पडले होते ते सांग." तिच्या परवानगीनेच तेवढे आपणांस सांगितले आहे.

 कार्यकारी मंडळ या विनंतीचा सहानुभूतीने विचार करील अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.